लेकराबाळांसह मेळघाट: उजेडाचा हिशेब

प्रश्न: आम्ही परभणीचे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या एर्टिगाने मेळघाटचं राष्ट्रीय उद्यान बघायला जायचं आहे. सोबत बायको, मुलगा (११), मुलगी (६), आई (६६) आणि वडील (७२). आईला घाटात गाडी लागते, वडिलांचे गुडघे दुखतात. मी घाटात फारशी गाडी चालवलेली नाही. बेत असा: पहिल्या दिवशी नाश्ता करून निघायचं, शेगावला दर्शन, रात्री चिखलदऱ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सगळे पॉइंट आणि सफारी. तिसऱ्या दिवशी सेमाडोह, हरिसाल बघून रात्री घरी. जमेल का? आणि मुलगी रोज विचारते, वाघ दिसेल का?

उत्तर: जमायला काय, जमेल. सव्वातीनशे किलोमीटर आपल्याकडच्या माणसाला जास्त नाहीत. पण बेत लिहिलाय तसाच केलात तर घरी आल्यावर आई दोन दिवस अंथरुणातून उठायच्या नाहीत, वडील प्रत्येक पॉइंटला गाडीतच बसून राहतील आणि लेकरांना मेळघाट म्हणजे काचेबाहेरचा अंधार एवढाच आठवेल. मी हिंगोलीचा. २२ वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय, आधी सुमो, मग तवेरा, आता इनोव्हा. परभणी, वसमत, नांदेडची कितीतरी घरं मेळघाटात नेऊन आणली. म्हणून सरळच सांगतो, राग मानू नका.

तुम्ही बेत आखलाय किलोमीटर बघून. तिकडचा बेत उजेड बघून आखावा लागतो. डिसेंबरअखेर तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि दरीत सावली त्याच्या बरीच आधी उतरते. सकाळी उजाडायला सात वाजतात. म्हणजे हातात जेमतेम अकरा तास. त्यातले सहा-सात गाडीत गेले तर बघायचं कधी? शिवाय नवख्या हाताने घाट अंधारात चढायचा नाही, आणि जंगलातल्या रस्त्यावर अंधारात गाडी घालायचीच नाही. एवढ्या दोन गोष्टी पक्क्या धरल्या की तुमचा अर्धा बेत आपोआप बदलतो.

आधी शेगावचं बोलतो, कारण प्रत्येक घरात तिथेच अडतं. "एवढं अकोल्यापर्यंत जातोच आहोत तर महाराजांचं दर्शन घेऊनच जाऊ" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि मी स्वतः माळकरी घरातला आहे. पण अकोल्याहून शेगाव पश्चिमेला आणि परतवाडा ईशान्येला. जाणं, गाडी लावणं, दर्शनाची रांग, महाप्रसाद, परत येणं, यात दिवसाचा गाभाच जातो. सुट्टीच्या आठवड्यात तर रांगेचा नेम नाही. मग घाटाच्या पायथ्याशी पोचता सातला, लेकरं झोपलेली, आई मळमळलेल्या, आणि समोर काळोखातली वळणं. दर्शन परतीच्या वाटेवर ठेवा. तेव्हा कोणाला कुठे पोचायची घाई नसते, दर्शन निवांत होतं.

तर पहाटे पाचला घर सोडा. चहा थर्मासमध्ये, नाश्ता डब्यात. औंढ्यावरून हिंगोली, तिथून वाशीम, मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला. हिंगोलीपासून अकोल्यापर्यंत नांदेडकडून येणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, रस्ता चांगला. अकोल्याला दहापर्यंत पोचायचं. पुढे दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा. तिथे साडेबाराला पोचून जेवलात की तीनच्या आत वर. हातात अडीच-तीन तासांचा उजेड शिल्लक राहतो. पंक्चर झालं, कुणाला उलटी झाली, वडिलांना दोनदा पाय मोकळे करायचे झाले, तरी त्यात भागतं.

हा रस्ता नुसता कापायचा म्हणून कापू नका. तुमचा मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला एक काम द्या: वाटेत लागणाऱ्या प्रत्येक नदीचं नाव वहीत लिहायचं आणि तिचं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला जातं ते शोधायचं. हिंगोलीची कयाधू पैनगंगेला मिळते. हिंगोली आणि वाशीम जिल्ह्यांच्या शिवेवर ती पैनगंगाच आपण ओलांडतो. हे सगळं पाणी गोदावरीचं, म्हणजे बंगालच्या उपसागराचं. मेडशी सोडून पातूरचा घाट उतरला की पाणी उलटं वळतं. अकोल्याची मोर्णा पूर्णेला, पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. आणि गंमत म्हणजे ही पूर्णा आपली नव्हे. आपली पूर्णा येलदरी-सिद्धेश्वरवरून येऊन गोदावरीला मिळते, ही वऱ्हाडातली दुसरी. एकाच नावाच्या दोन नद्या, पाठीला पाठ लावून दोन समुद्रांकडे निघालेल्या. एकदा पातूरच्या घाटात गाडी थांबवून हे सांगितलं, तर वसमतच्या एका पोराने माझ्याच बाटलीतलं पाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओतून पाहिलं.

अकोल्याच्या पुढे पूर्णेचं खोरं लागतं, तो खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी मचूळ, खारट. म्हणून पिण्याचं पाणी घरूनच भरून न्या. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, सपाट काळं रान, डोंगराचा पत्ता नाही. अंजनगाव जवळ आलं की उत्तरेला निळी रेघ दिसायला लागते, तोच सातपुडा, गाविलगडची रांग. अंजनगावच्या शिवारात पानमळे आहेत आणि पानपिंपळीचे वेल आहेत. पिंपळी म्हणजे आपल्या आजीच्या बटव्यातली, खोकल्याला मधातून द्यायची ती. वडिलांना हे दाखवा. म्हाताऱ्या माणसांना डोंगरापेक्षा पीक बघायला आवडतं, हा माझा अनुभव आहे. पाच मिनिटं बांधावर उभं राहिले की पुढचे दोन तास खुशीत बसतात.

आता घाट. परतवाड्याहून वर जायला दोन वाटा. एक धामणगाव गढीवरून, जवळची, तीसेक किलोमीटर. दुसरी घटांगवरून, लांबची. पहिल्यांदा जाताय, तर धामणगाव गढीच्या वाटेने दिवसाउजेडी जा. निघण्याआधी परतवाड्यात टाकी भरा, चाकांची हवा बघा, एटीएममधून रोख काढून घ्या. वर नेटवर्क आहे-नाही असं असतं आणि मोबाइलवर पैसे जातीलच याची खात्री नाही. नकाशाही आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. गाडी सीएनजीवर असेल तर चढाला पेट्रोलवर टाका. सहा माणसं आणि सामान घेऊन सीएनजीवर गाडी दम टाकते आणि मग माणूस उगाच क्लच दाबत बसतो.

चढण्याची भीती बाळगू नका. भीती उतरण्याची असावी. जुने ड्रायव्हर सांगायचे: ज्या गियरवर गाडी चढते त्याच गियरवर उतरवायची. म्हणजे दुसरा, कधी तिसरा. इंजिनालाच गाडी धरू द्यायची, ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडा दाबून सोडायचा. न्यूट्रलवर टाकून तेल वाचवायची अक्कल घाटात चालवायची नाही. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा आणि आपली बाजू सोडायची नाही, समोर कितीही मोकळं दिसलं तरी.

हे मी पोथीतलं सांगत नाही. सुमोच्या काळात एकदा याच घाटातून उतरत होतो, गाडीत वसमतचं नऊ माणसांचं कुटुंब. निघण्याआधी गाडी एका गॅरेजात दाखवली होती. त्या माणसाने ब्रेकचे लायनर नवे टाकल्याचं सांगून पैसे घेतले, मी चाक उघडून बघितलं नाही. माझी पहिली चूक ती. दुसरी चूक, परतीची घाई होती म्हणून तिसऱ्यावर उतरत राहिलो आणि ब्रेकवर पाय ठेवूनच बसलो. मधल्या सीटवरची आजी म्हणाली, "बाबा, भाकर करपल्यावानी वास येतोय." मी म्हटलं, बाहेर कुणीतरी पाचोळा पेटवला असेल. दोन वळणांनंतर पेडल पायाखाली मऊ झालं, दाबलं की जातंच. दुसऱ्यात टाकली, गाडी ओरडली, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढत नेला, आणि डोंगराच्या बाजूच्या चरीत डावं चाक उतरवून थांबवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अर्धा-पाऊण तास चाकं गार होईपर्यंत सगळे दगडावर बसून राहिले आणि मी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो. गाडीतल्या एकाने बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला सुरुवात केली, त्याला ओरडलो. तापलेल्या ड्रमवर-डिस्कवर गार पाणी पडलं की लोखंड तडकू शकतं किंवा वाकडं होतं. ते आपोआप गार होऊ द्यायचं. तेव्हापासून गाडीतल्या म्हातारीला कसलाही वास आला की मी आधी थांबतो आणि मग विचारतो.

आईंना गाडी लागते त्याचं सांगतो. त्यांना पुढच्या सीटवर बसवा. बायको मागे बसली तर रुसणार नाहीत असं धरून चाललोय. सगळ्यात मागची रांग लेकरांना आणि बॅगांना. सकाळी पोट अगदी रिकामं नको आणि तडसही नको. धपाट्याचा तुकडा, एखादी दशमी, वर घोटभर पाणी. तेलकट वडे, मिसळ परतवाड्यालाही नको. ते उतरल्यावर खा. घाटात मोबाइलमध्ये बघायचं नाही, नजर लांब रस्त्यावर ठेवायची, काच चार बोटं खाली. आलेपाक किंवा लिंबू हातात असू द्या. गोळी द्यायची असेल तर ती उलटी सुरू व्हायच्या आधी, घाट लागण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी लागते. आईंना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर कुठली चालेल ते घरच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि सगळ्यात मोठं औषध ड्रायव्हरच्या हातात असतं: वळणावर झटका द्यायचा नाही. मी नवीन पोरांना शिकवताना डॅशबोर्डवर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवायचो. सांडला की शिव्या.

वर पोचल्यावर पहिल्या दिवशी काही बघायचं नाही. खरंच नाही. खोलीत सामान टाका, चहा घ्या, आणि मुक्कामापासून जवळ असेल त्या एकाच पॉइंटवर सूर्य बुडताना जाऊन बसा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे, ऊन गेलं की थंडी अंगावर चालूनच येते. परभणीची थंडी समजून एकेक स्वेटर आणाल तर फसाल. कानटोपी, मोजे, वडिलांना गुडघ्याला बांधायची गरम पट्टी, आणि घरची एक जाड चादर जास्तीची. हॉटेलची रजई कधी दमट निघते.

दुसरा दिवस चिखलदऱ्याचा. इथे पॉइंट पुष्कळ आहेत आणि सगळे करायला निघालात तर चार कड्यांनंतर पाचवा कडा सारखाच दिसतो. माझी निवड सांगतो. भीमकुंड बघा, भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकला आणि इथेच हात धुतले अशी कथा आहे. कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं म्हणतात. विराटनगरी इथलीच, म्हणून जवळच्या उंच शिखराचं नाव वैराट. पंचबोल पॉइंटला लेकरांना हाक मारू द्या, दरी पाच वेळा उत्तर देते म्हणून ते नाव. मी कान देऊन चार मोजलेत, पाचवा ऐकायला लहान कान लागत असावेत. देवी पॉइंटला खडकातून पाणी पाझरतं आणि चंद्रभागा तिथून निघते. पंढरपूरची नव्हे, ही दर्यापूरकडे जाते. तीही नदी वहीत लिहायला सांगा. शिवाय इथे कॉफी पिकते. इंग्रजांनी लावलेली ती झाडं अजून आहेत. झाडाला लागलेलं लाल फळ आपल्याकडच्या लेकरांनी कधी बघितलेलं नसतं.

गाविलगड मात्र सोडू नका, आणि तो सकाळीच करा. आत चाल बरीच आहे, दगडी वाट ओबडधोबड आहे. वडिलांनी पहिल्या दरवाजापर्यंत यावं आणि उन्हाला बसावं. तुम्ही आणि मुलगा पुढे शार्दूल दरवाजापर्यंत जा, दगडात कोरलेले वाघ तिथे हमखास दिसतात, बुकिंग लागत नाही. बहामनी सुलतान अहमदशहा वलीने पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला. त्याच्या आधी इथे गवळ्यांचं ठाणं होतं, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. आपल्या मुलखाशी याचा एक धागा आहे. इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, पुढे ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तोच, २३ सप्टेंबर १८०३ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. तिथून तो वऱ्हाडात आला. २९ नोव्हेंबरला अकोटजवळ अडगावला लढाई झाली आणि १५ डिसेंबरला त्याने गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. महिना संपायच्या आत, ३० डिसेंबरला, शिंद्यांचा तह झाला तो अंजनगाव सुर्जीला, जिथे तुम्ही पानमळा बघितला. म्हणजे तुम्ही ज्या आठवड्यात जाताय त्याच आठवड्यातली गोष्ट. मुलाला हे किल्ल्यातच सांगा.

दुपारी जेवून झोपा. घरातली मोठी माणसं झोपली पाहिजेत, नाहीतर तिसरा दिवस वाया जातो.

तिसरा दिवस जंगलाचा, आणि म्हणूनच म्हणतो की दोन नाही, तीन मुक्काम करा. एक गैरसमज काढून टाकू. चिखलदरा म्हणजे राष्ट्रीय उद्यान नव्हे. राष्ट्रीय उद्यान गुगामल, ३६१ चौरस किलोमीटरचं, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात आहे. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. स्वतःच्या गाडीने आत फिरता येत नाही. सेमाडोहवरून धारणीकडे जाणारा रस्ता सगळ्यांना खुला आहे, पण सफारी वन विभागाच्या परवानगीनेच, जिप्सीने, गाइडसह. सफारी आणि वन विभागाची निवासं ऑनलाइन बुक होतात. नाताळच्या आठवड्यात ऐनवेळी काही मिळत नाही, म्हणून आधी सफारीची तारीख पक्की करा आणि मग खोल्या, उलटं नको. बुकिंग करतानाच फेऱ्यांच्या वेळा आणि सुट्टीचा वार बघून घ्या. ज्या ओळखपत्रावर बुक केलं तेच मूळ ओळखपत्र सोबत हवं, लेकरांची आधार कार्डंसुद्धा. गेटवर याच्यावरून रडारड झालेली मी पाहिली आहे.

सफारी दुपारची घ्या. जाणकार सकाळची सांगतील, आणि एकट्याला मीही तीच सांगेन. पण उघड्या जिप्सीत डिसेंबरच्या पहाटे सहा वर्षांची पोर आणि ७२ वर्षांचे आजोबा बसवायचे नाहीत. जिप्सी हादरते, गुडघ्यांना ते जाणवतं, म्हणून वडिलांना ड्रायव्हरच्या शेजारची सीट मागून घ्या. नाकाला रुमाल, अंगावर मातकट रंगाचे कपडे, अत्तर-बित्तर नको.

सेमाडोह-कोलकास हा तिथला माझा आवडता पट्टा. रस्त्याच्या कडेने सिपना नदी वाकत वाकत जाते, दोन्ही बाजूंना साग. कोरकू भाषेत सागालाच सिपना म्हणतात. कोरकूंची भाषा आपल्या मराठीच्याही कुळातली नाही आणि गोंडीच्याही. ती झारखंडच्या मुंडारी-संथाळीची नातलग आहे, इतक्या लांब पश्चिमेला ते कूळ बोलणारे फक्त हेच लोक. त्यांच्या गावातून जाताना गाडी हळू करा, न विचारता फोटो काढू नका, आणि खिडकीतून पोरांकडे बिस्किटाचे पुडे फेकू नका. हे करणारे पर्यटक बघितले की माझं डोकं फिरतं. वानरांनाही खायला घालायचं नाही. एकदा दिलं की ते पुढच्या गाडीच्या बोनेटवर येऊन बसतात.

हरिसाल २०१६मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं, पण मुद्दाम बघायला जावं असं तिथे तुमच्यासाठी काही नाही. गाव आहे, लोक राहतात. तिथे जाण्याचा वेळ कोलकासला नदीकाठी काढा.

वडील माझ्या वयाच्या पुढचे आहेत म्हणून आणखी एक सांगतो. आपल्या पूर्णा जंक्शनवरून हिंगोली, वाशीम, अकोला करत खांडव्याला जाणारी छोटी लाइन याच मेळघाटातून जायची. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, लहानपणी त्यांच्या पासावर मी त्या गाडीने गेलोय. धूळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढायचे. डब्याच्या खिडकीतून खाली बघितलं की आत्ताच आपण ज्या रुळावरून आलो ते दिसायचे. आता अकोल्यापर्यंत मोठी लाइन झाली आणि जंगलातली ती छोटी गाडी बंद पडली. तुमच्या वडिलांना विचारा, कदाचित त्यांनीही केला असेल तो प्रवास. विचारलंत तर अकोल्यापर्यंत गाडीत रेडिओ लावायची गरज पडणार नाही.

आता वाघ. मेळघाटात वाघ आहेत, पण ते ताडोब्यासारखे रस्त्यावर येऊन बसत नाहीत. डोंगर उंच-सखल, जंगल दाट, पाणी ठिकठिकाणी, मग त्याला तुमच्यासमोर यायचं कारण काय? इतक्या वर्षांत मला तो मोजून चार वेळा दिसला, त्यातला एकदा नुसती शेपटी. मुलीला वाघाचं वचन देऊ नका. तिला रानगवा सांगा. पायात पांढरे मोजे घातलेला, गोठ्यातल्या बैलापेक्षा दुप्पट अंगाचा. सांबर, भेकर, अस्वल, रानकुत्रे सांगा. बोरी, कोहा, कुंड अशी काही गावं आतून उठून बाहेर वसली, त्यांच्या जुन्या शेतांवर आता गवत माजलंय आणि जनावरं चरायला येतात. अशी मोकळी कुरणं लागली की जिप्सी थांबवायला सांगून चुपचाप बसा. आणि तिला रानपिंगळ्याची गोष्ट सांगा: मूठभर घुबड, १८८४नंतर ११३ वर्षं कोणालाच दिसलं नाही, सगळ्यांनी संपलं म्हणून सोडून दिलं, आणि १९९७मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ फांदीवर बसलेलं सापडलं. नंतर ते मेळघाटातही मिळालं. इतर घुबडांसारखं हे रात्रीची वाट बघत नाही, दिवसाढवळ्या बसलेलं असतं. माझ्या गाडीतल्या एका पोरीने ही गोष्ट ऐकली आणि वाघाचं नावच सोडलं, सगळी सफारी झाडांच्या शेंड्याकडे बघत बसली. गाइडने शेवटी तिला एक साधा पिंगळा दाखवला. तिला तोही चालला.

तीन मुक्काम जमतच नसतील, रजा नसेल, तर चिखलदऱ्याचे पॉइंट कापा. सफारी आणि गाविलगड ठेवा. किंवा घाटच नको वाटला तर अकोटहून शहानूर गाठा, नरनाळा किल्ला आणि तिथली सफारी करा. अकोल्याहून जवळ पडतं आणि आईंची अर्धी वळणं वाचतात.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला, धुकं असेल तर ते विरल्यावर, घाट उतरा. दुसऱ्या गियरवर. परतवाड्याला संत्री घ्या, तो त्यांचाच मुलूख आहे, पण पेटी घेण्याआधी एक सोलून बघा, वरचा थर गोड आणि खालचा आंबट असा प्रकार असतो. दुपारी शेगाव. दर्शन झाल्यावर उशीर वाटला तर तिथेच मुक्काम करा. रात्रीच्या हायवेवर समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर घेत परभणीपर्यंत ताणू नका. आणि निघण्याआधी गाडी गॅरेजात दाखवलीत, तर चाक तुमच्यासमोर उघडायला सांगा.